अव्वांच्या घरचा उपास

फेब्रुवारी १९४४मधल्या एका गुरुवारी बेंबळीतल्या एका लिंगायत घरात सकाळपासून दिवस कलेपर्यंत कोणी जेवले नाही. माझा बायबलातला नवा करार हरवला होता, आणि तो सापडेपर्यंत ताट वाढायचे नाही, असे घरच्या अव्वांनी ठरवले होते.

मी इंग्रजी हद्दीतल्या एका मिशन दवाखान्यात नर्स होते. बेंबळी निजामाच्या राज्यात. आमच्या लेखी परमुलूख. येताना नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायाने आमची ट्रंक उपसली आणि औषधाची एक बाटली हुंगून तो शिंकत बसला. माझ्याबरोबर साठीच्या उपदेशिका ताराबाई होत्या; मी औषधपाणी करायचे, त्यांनी धर्म सांगायचा. अव्वांचे यजमान अप्पा आमच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढून गेले होते, म्हणून त्यांनी आम्हाला घरी उतरवून घेतले. गावात दुसऱ्या कोणी घेतले नसते.

अव्वा पन्नाशीच्या, ठेंगण्या. माणसांशी मराठीत बोलत, म्हशीशी कानडीत. आमची मूळ जात त्यांनी विचारली नाही. गावातल्या बाकी सगळ्यांनी विचारली. आमची ताटे मात्र ओसरीवर मांडली जात, आणि शेवटच्या दिवसापर्यंत ती तिथेच मांडली गेली.

त्या घरात लिंगपूजेआधी कोणी घास घेत नसे. प्रत्येकाच्या गळ्यात वस्त्रात बांधलेले लिंग असे. पहिल्याच सकाळी अव्वांनी माझ्या गळ्याकडे पाहिले आणि देव कुठे ठेवता, असे विचारले. देव सगळीकडे आहे, असे मी शिकवल्याप्रमाणे सांगितले. अव्वांना ते खोटे वाटले नाही. त्यांना काळजी वाटली.

"सगळीकडं हाय, मग हरवला तर कळायचं कसं?"

शेवटी अव्वांनीच निकाल दिला: बाई रोज उघडतात ती पोथी, तोच त्यांचा देव. ताराबाईंनी दोन दिवस समजावून पाहिले. अव्वा मान डोलवत ऐकत राहिल्या आणि ऐकता ऐकता त्यांनी पोथीला खणाची पिशवी शिवली.

त्यानंतर तवा चुलीवर ठेवण्याआधी त्या रोज ओसरीवर येत. "पूजा झाली का, बाई?" झाली नसेल तर आत जात, आणि भाकरी थांबे. दवाखान्यात असताना मी प्रार्थना बऱ्याचदा चुकवी. बेंबळीत ती एकदाही चुकली नाही.

दुसऱ्या आठवड्यात निरोप आला की घराचे जंगम गुरुवारी जेवायला येणार आहेत आणि त्यांना ख्रिस्ती बायकांविषयी बोलायचे आहे. या गुरूंना सगळे अय्या म्हणत. त्यांचा शब्द अप्पा मोडणार नव्हते. अय्यांनी नको म्हटले असते, तर त्याच दिवशी आमची गाडी जुंपली गेली असती. आजूबाजूची मुले तेव्हा रोज डोळ्यांत औषध घालून घ्यायला येत होती. त्यांचे औषध अर्ध्यावर राहिले असते.

नेमकी गुरुवारी सकाळी पोथी सापडेना. अव्वांनी विचारल्यावर मी खरे ते सांगितले. देव हरवलेल्याने जेवायचे नाही, ही त्यांची एक रीत. पाहुणी उपाशी असताना घरच्यांनी जेवायचे नाही, ही दुसरी. स्वयंपाक झाकून ठेवला गेला. ताराबाईंना पित्ताचा त्रास होता. आमच्या देवाला उपास लागत नाही, असे त्या म्हणाल्या.

"तुमच्या देवाला लागत नसंल," अव्वा म्हणाल्या, "माझ्या घराला लागतोय."

अय्या दहाच्या सुमारास आले. लांबून, पायी, भुकेले. अव्वांनी त्यांचे पाय धुतले, पाट दिला आणि ताट वाढले नाही. कारण सांगितले. अय्यांनी अप्पांकडे पाहिले. अप्पा आढ्याकडे पाहत होते.

"ह्यांच्याबद्दलच बोलाया आलोय म्या," अय्या म्हणाले.

"बोला की. पर पोथी सापडू द्या आधी. उपाशीपोटी माणूस भलतंच बोलून जातंय."

तेवढ्यात मला आठवले. आदल्या दिवशी खळ्यावर एका बाईला विळा लागला होता. तिचे बोट बांधताना मी पोथीची पिशवी कडब्यावर ठेवली होती. संध्याकाळी त्या कडब्याची गंज रचली गेली. अप्पा, दोन गडी आणि अय्या आमच्याबरोबर खळ्यावर आले. अय्यांनी धोतर वर खोचले आणि गंजीवर चढून पेंढ्या खाली टाकायला सुरुवात केली. ताराबाई सावलीत बसून कुठे शोधायचे ते सांगत होत्या. कोणी ऐकत नव्हते. दिवस कलल्यावर पिशवी अय्यांच्याच हाताला लागली. त्यांनी तिच्यावरचा भुसा फुंकला, ती कपाळाला लावली आणि खाली उतरून माझ्या ओंजळीत टाकली.

"देव असा कडब्यात ठेवत्यात व्हय, बाई?"

त्या दिवशी अय्या पाच भाकरी जेवले. पान लावून झाल्यावर अव्वांनीच विषय काढला. "अय्या, तुमी कायतरी बोलणार व्हता."

अय्यांनी सुपारी कातरली.

"विसरलो," ते म्हणाले.

आम्ही ठरल्या दिवशी, म्हणजे तेविसाव्या दिवशी, परतलो. गावात कोणी ख्रिस्ती झाले नाही. ताराबाईंनी अहवालात तसेच लिहिले. मुलांचे डोळे बरे झाले होते. निघताना अव्वा गाडीमागून वेशीपर्यंत आल्या आणि अप्पांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यांत चुलीचा धूर जाऊ देत नाही, असे मी न विचारता सांगून गेल्या.

अव्वा १९४७च्या उन्हाळ्यात वारल्या. मला ते दवाखान्याच्या पत्त्यावर आलेल्या कार्डावरून कळले. अव्वा लिंगैक्य झाल्या, नर्सबाईंना कळवावे असे त्यांनी सांगून ठेवले होते, एवढाच मजकूर होता. खाली सही अय्यांची होती.