भोकांचे चेंडू

आमचे हे मुंबईत साहेब लोकांना गोल्फ शिकवायचे. गावी, मिठबावात कुणी विचारलं, म्हणजे नेमकं काय करतात, तर मी म्हणायची, काठीने चेंडू मारतात आणि मग तो उन्हात शोधत फिरतात. लोकांना वाटायचं, मी थट्टा करते.

साठ सालाच्या आसपास त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि क्लबाने त्यांना बोटीत बसवून घरी धाडलं. पाय हळूहळू सुधारला, तोंड सरळ झालं. उजवा हात मात्र मेल्यासारखा लोंबायचा. हे निघताना क्लबाच्या साहेबाने यांना एक काठी आणि पिशवीभर चेंडू दिले होते. दिवाळीपर्यंत हात चालला तर ये, नाहीतर तुझ्या जागी दुसरा घेईन, असं तोंडावर सांगून. त्या नोकरीवर आमचं अख्खं घर जेवत होतं.

चेंडू प्लास्टिकचे, पोकळ, अंगभर भोकं पाडलेले. घरी सराव करताना कौलं फुटू नयेत म्हणून असे केलेत, एवढं आम्हाला कळलं. हे रोज सकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभे राहायचे. सुरुवातीला काठीच हातातून निसटायची. सासूबाई पायरीवर बसून बघायच्या, आणि एक दिवस त्यांनी राखणदाराला, वाडी राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घातलं, "माझ्या झिलाचो चेंडू धोणीपर्यंत जावंदे, तुका कोंबो देतंय." धोण म्हणजे खळ्याच्या पलीकडे, विहिरीजवळचं दगडी कुंड. चेंडू तिथवर गेला की हात बरा झाला, हा हिशेब त्यांनी मनाशी पक्का केला आणि आम्हीही तोच धरून बसलो.

गणपतीनंतर एका सकाळी चेंडू उडाला आणि धोणीवर टक्कन वाजला. सासूबाई ओरडल्या, "बरो झालो गो माझो झील!" त्या रडल्या, मीही रडले. हे चेंडू वेचायला गेले. आठवड्याच्या आत राखणदाराला कोंबडा आणि नारळ दिला, वाडीतली माणसं जेवून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला ते मला समुद्रावर घेऊन गेले. खिशातून त्यांनी खेळातला खरा चेंडू काढला, टणक, लिंबाएवढा. ओल्या वाळूवर ठेवला आणि मारला. वाळू उडाली. चेंडू जेमतेम घरंगळला. मी पायाने ढकलला असता तरी त्याहून लांब गेला असता.

"त्या भोकांच्या चेंडवाक जोर लागणा नाय," ते म्हणाले. "धडधाकट माणसान मारल्यान तरी तो धोणीकडेच पडतलो."

"तुमका म्हायत होता?"

"आवस रोज पायरीर येवन बसता. तिका कसा सांगू?"

मला इतका संताप आला की मी त्यांच्याकडे पाठ फिरवून उभी राहिले. मग म्हटलं, निदान आता घरी सांगा, मुंबईला जाऊ नका. ते म्हणाले, आता देवाचं फेडून झालं. ते खरंच होतं. नवस फेडल्यावर, हात बरा नाही म्हणून पुन्हा देवापुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? सासूबाईंनी ते पाप मानलं असतं आणि अन्न सोडलं असतं.

दिवाळीआधी ते देवगडाहून बोटीने गेले. सासूबाईंनी सोबत साहेबासाठी आमसुलं बांधून दिली. साहेबाने यांना एक फटका मारायला लावून बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून चेंडू धुवायच्या कामावर बसवलं. डाव्या हाताने धुवायचे. होळीच्या सुमारास दुसरा झटका आला, त्यात ते गेले.

सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. कुणीही आलं की सांगायच्या, हात देवानं बरा केला होता, मुंबईची हवा बाधली. मी त्यांच्या पानात भात वाढत असायची आणि वाढतच राहायची.