मॅडमनी सांगितलंय

मुलगी तिसरीत गेली तेव्हा तिच्या वर्गाला नवीन मॅडम आल्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, हसतमुख, नाशिकमध्येच वाढलेल्या. त्यांनी वर्गात पाण्याचा उपक्रम सुरू केला. सकाळी प्रत्येक मुलाला एक लिटरची बाटली भरून मिळायची. पिणं, हात धुणं, डबा विसळणं, सगळं शाळा सुटेपर्यंत तेवढ्यातच भागवायचं. उरलेलं पाणी वर्गामागच्या झाडांना. शिवाय प्रत्येकाची एक पाण्याची वही. घरी पाणी कसं वापरलं जातं ते त्यात लिहायचं.

पहिल्याच दिवशी मुलगी दप्तर पाठीवर असतानाच स्वयंपाकघरात आली.

“आई, तांदूळ धुतलेलं पाणी फेकायचं नसतं. कुंडीत घालायचं. मॅडमनी सांगितलंय.”

माझ्या हातात तेच पातेलं होतं, आणि मी कढीपत्त्याच्या कुंडीकडेच निघाले होते. रोजच जाते. आठ वर्षांत तिला ते कधी दिसलं नव्हतं.

माझं माहेर सिन्नरच्या पूर्वेला, टँकरच्या गावात. नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी आहे, पण माझा हात अजून सैल सुटत नाही. प्युरिफायरमधून वाया जाणारं पाणी मी पहिल्यापासून बादलीत धरते, त्यानेच फरशी पुसते. आदल्या वर्षी मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या तेव्हा हीच म्हणाली होती, “आई, ती बादली आत ठेव ना. कसंतरी दिसतं.” आता त्याच बादलीवर तिने रंगीत कागद चिकटवला. त्यावर लिहिलं, ‘पाणी वाचवा’. आणि ही आयडिया कोणाची, तर मॅडमची.

मला हेवा वाटला. दुसरा शब्द नाही. रात्री जेवताना मॅडम, सकाळी वेणी घालताना मॅडम. मॅडम म्हणाल्या म्हणून ती कारलंसुद्धा खायला लागली.

एका रविवारी मी भांडी घासत होते. ती दारात येऊन उभी राहिली. मी नळ पूर्ण सोडला आणि कढई घासत बसले.

“आई, नळ!”

“असू दे.”

पाणी भसाभस चाललं होतं. तरी मी नळाला हात लावला नाही. शेवटी तिने टाचा उंच करून तो बंद केला आणि आत गेली.

पुढच्या शनिवारी पालकसभा होती. मॅडमनी वही माझ्यापुढे उघडली. गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘आईने नळ चालू ठेवला. मी सांगितलं तरी ठेवला.’

“मुलं घरी बघून शिकतात हो ताई,” मॅडम हळूच म्हणाल्या. “थोडं लक्ष द्या.”

मागे दुसऱ्या मुलांच्या दोन आया उभ्या होत्या. माझा चेहरा तापला.

“मॅडम, आम्ही परातीत बसून आंघोळ करायचो,” मी म्हटलं. “खाली साठेल त्या पाण्यात आई फडकी धुवायची. मला नका सांगू पाणी.”

त्या गोंधळल्या. “मग त्या दिवशी नळ?”

“तुमचा राग आला होता.”

“माझा?”

“तुम्ही एकदा म्हणता आणि ती ऐकते. मी जन्मभर तेच करतेय.”

बोलून गेले आणि लाज वाटली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “हे परातीचं वर्गात येऊन सांगाल का?”

मी नाही म्हटलं. मुलगी त्यांना दिलीच होती, निदान माझं लहानपण तरी माझ्याकडे राहू दे, असं काहीतरी मनात आलं.

मुलीने शेजारी उभं राहून सगळं ऐकलं होतं. घरी येताना तिने विचारलं, “परातीत मावायचीस तू?” मग मी सांगत गेले. टँकरचा हॉर्न वाजला की शाळेतून पळत येणं, हंड्यांची रांग, आंघोळीला मोजून दोन तांबे. कॉलनीच्या गेटशी पोचलो तरी तिचे प्रश्न संपले नव्हते. त्या दिवशी पूर्ण वाटभर मॅडमचं नाव निघालं नाही.

तिने ते सगळं वहीत लिहिलं. सोमवारी घरी आली ती उड्या मारतच.

“मॅडमनी वर्गात तुझी गोष्ट सांगितली! इतकी भारी सांगितली ना आई, तू तशी नाही सांगत.”

आणि तिने माझीच गोष्ट मला ऐकवली, मॅडमसारखे हात करून. “आंघोळीला फक्त चार तांबे!”

“दोन,” मी म्हटलं.

“मॅडम चार म्हणाल्या.”

“अगं, आंघोळ मी करायचे. दोनच.”

ती मग म्हणाली, “थांब, उद्या मॅडमना विचारते.”

आता ती पाचवीत आहे. आमच्याकडे नळ उघडा राहत नाही. पाहुण्यांनी कौतुक केलं की ती तिसरीच्या मॅडमचं नाव सांगते. मी चहा ठेवायला उठते. टोचतं मात्र दर वेळी.