एक लाल ओळ

दादांची सवयच होती: बोटांची मागची बाजू रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीच्या पट्टीला लावायची आणि माझ्याकडे बघून म्हणायचं, "ताप न्हाई. पण चालतंय म्हंजे टिकतंय असं न्हाई, ताई." लेकराचं कपाळ बघावं तसा तो हात. भूगावातल्या त्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात हे दिवसातून दहा वेळा व्हायचं.

साध्या मालातून भारी काम काढणारा असा कारागीर तुम्हीही पाहिला असेल. दादा स्वस्तातली रॅम घेत आणि ठरल्यापेक्षा जोरात पळवत. दोन कामांमध्ये रॅमला जी उसंत लागते, तिला ते टायमिंग म्हणत. ती उसंत आकड्याआकड्यानं कमी करत जायची. मग तपासणी. निळ्या पडद्यावर आकडे सरकत राहत, रॅम चुकली की लाल ओळ उमटे. एक जरी उमटली तरी उसंत वाढवायची आणि पहिल्यापासून सुरू. जांब्याहून आयटीतली पोरं एवढ्यासाठी त्यांच्याकडे येत.

त्या पडद्यासमोर बसायचं काम माझं. मी वाशिमकडची, आठवीत शाळा सुटलेली. नवऱ्याचं उरवड्याच्या कारखान्यातलं काम कधी असे, कधी नसे. मला इंग्रजी येत नाही म्हणून कुणी दारात उभं करत नव्हतं. दादांना तसं सांगितलं तर हसले.

"लाल रंग वळखता न्हवं? मग झालं की."

जेवताना अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवत. "खावा. निस्तं बघून बी भूक लागती."

एकदा बिल्डरच्या ऑफिसातला माणूस मशीन न्यायला आला. सकाळी आठला लावलेली तपासणी पाच तास साफ चालली होती. त्याला घाई होती. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "या बाईंना काय कळतंय हो त्यातलं? तुम्ही पण ना!"

त्याच वेळी लाल ओळ आली. मी तोंड उघडेपर्यंत वीज गेली. पडदा काळा.

"ताई, काय दिसलं व्हतं का?"

खरंच दिसली की भास झाला? चुकीचं बोलले तर ही खुर्ची जाईल, मग या परक्या मुलखात कुणाच्या दारात उभं राहू? मी म्हणाले, "नाही दादा. साफ होतं."

"ताई साफ म्हणती म्हंजे साफ," असं त्याला सांगून त्यांनी मशीन दिलं.

आठ दिवसांत ते परत आलं. नकाशे उघडतच नव्हते. तो माणूस रस्त्यावर उभा राहून बोलला, समोरच्या भाजीवालीनंसुद्धा ऐकलं. दादा मान खाली घालून उभे. नंतर त्यांनी तीच रॅम पुन्हा तपासणीला लावली. अर्ध्या तासात लाल ओळी.

"ताईनं बघितलेलं, तवा साफच व्हतं," स्वतःशीच म्हणाले. "माझाच हात गेला."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा सांगायला गेले.

पुढे त्यांनी सगळी मशीनं ठरल्या वेगावरच ठेवली. पोरं म्हणत, "काका, टायमिंग थोडं टाइट करा ना." दादा म्हणत, "न्हाई बाबा. आता अंदाज येत न्हाई." हळूहळू पोरं यायची थांबली. मी बंद पडद्यावरची धूळ पुसत बसे.

दुकान सोडायच्या दिवशी खोकी भरताना मला राहवलं नाही. "दादा, त्या दिवशी ओळ आली होती. वीज जायच्या आधी."

ते स्टुलावर बसले. "येकच?"

"एकच."

"म्हंजे मशीननं सांगितलं व्हतं." चेहरा क्षणभर उजळला, मग विझला. "सा म्हैनं मी माझ्याच हातावर संशय घेत व्हतो, ताई."

रागावले असते तर बरं झालं असतं. मग उठून पुढचं खोकं ओढत म्हणाले, "उरवड्याला पॅकिंगला बाया घेत्यात. मी सांगून ठेवलंय."

त्या कामावर मी अजून आहे. ते धरणापलीकडच्या त्यांच्या वाडीत गेले आणि दुसऱ्या वर्षी वारले, तेही मला उशिरा कळलं.

मला आठवतं ते त्यांचं निघणं. खोक्यातल्या सगळ्यात वरच्या पट्टीला त्यांनी सवयीनं बोटं लावली आणि जरा वेळ तशीच ठेवली. दुकानाची वीज सकाळीच तोडली होती.