कापूस अडकला ती जागा

प्रिय इरा आणि अनय,

मागच्या रविवारी फोनवर इरानं विचारलं, "अकोल्याचा काका काय काम करतो?" आणि तुमच्या बाबानं घाईघाईत सांगून टाकलं — "गार्डनिंग करतो." तुमचा प्रशांतकाका माझ्या शेजारीच बसला होता. तो नुसता हसला. मला मात्र ते रात्रभर टोचत राहिलं. म्हणून हे पत्र. काका काय करतो ते एकदा नीट कळू द्या, आणि त्याच ओघात एक गोष्टही सांगते. ती आजवर आम्हा तिघांपलीकडे कोणाला ठाऊक नाही.

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. घरात कधी लिंबू-मिरची टांगली नाही, कोणाची पत्रिका जुळवली नाही. "मला आधीच वाटलं होतं हो..." असं कोणी म्हणालं की मी मनात म्हणते, मग आधीच का नाही सांगितलं? हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तर, काका झाडांचा डॉक्टर आहे. खरं तर सर्जन. शहरात जुनं झाड घरावर कललं, फांदी विजेच्या तारेवर आली, खोड पोखरलं, की लोक त्याला बोलावतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं — तोडून टाका. काका आधी झाडाभोवती सावकाश फिरतो, लाकडी हातोडीनं बुंध्यावर टकटक करत कान लावतो, आणि पुष्कळदा म्हणतो की तोडायची गरज नाही, चार फांद्या काढू, झाड जगेल. झाडाचं सरसकट मुंडन करायला तो साफ नकार देतो. कामं गेली तरी चालतील म्हणतो. मला त्याचा फार अभिमान वाटतो. आई आहे म्हणून नव्हे... बरं, आई आहे म्हणूनही.

आपलं जठारपेठेतलं घर तुम्ही लहानपणी पाहिलंय. मागच्या पडवीत आता त्याचं हत्यारांचं दुकान मांडलेलं असतं. कामावरून आला की कितीही दमलेला असो, आधी करवत. साखळीची करवत उघडून तो आतला भुसा जुन्या टूथब्रशनं काढतो. (घरातला एकही टूथब्रश आता कचऱ्यात जात नाही.) मग गोल कानस घेऊन साखळीचा एकेक दात घासतो, प्रत्येक दाताला सारखे हात. एका बाजूचे दात जास्त धारदार झाले तर करवत लाकडात वाकडी जाते. तेल, ब्रेक, सगळं बघून झालं की मगच जेवण. बुटांना खिळे लावून तो जिवंत झाडावर कधी चढत नाही, झाडाला जखमा होतात म्हणून. तो दोरावर चढतो. वर गेल्यावर त्याचा सगळा भार एका दोरावर आणि कमरेच्या पट्ट्यावर असतो.

आणि तो दोर तपासते मी.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते युसूफभाईंमुळे. युसूफभाई काकाचे भागीदार, मूळचे अकोटचे. पूर्वी तिथल्या जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गठाणी बांधायचे. आता काका वर असतो तेव्हा खाली दोर धरून तेच उभे असतात. छाटलेली फांदी धाडकन पडू द्यायची नसते, तिला दुसऱ्या दोरानं बांधून हळूहळू खाली सोडायचं असतं. तो उतरवायचा दोर त्यांच्या हातात. ते मला 'बाई' म्हणतात, त्यांच्या मुली माझ्याकडे शिकल्या ना. एकदा मी पडवीत वाती वळत बसले होते, तेव्हा त्यांनी माझ्यापुढचा कापसाचा बोळा उचलला आणि दोरावरून फिरवून दाखवला. दोराचं एखादं सूत तुटलं असेल, डोळ्यांना दिसत नसेल, तरी कापूस तिथं अडकतो. मला ते फार आवडलं. तेव्हापासून दोर एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत घेताना मी कापूस फिरवते. तांदूळ निवडावेत तसा मी दोर निवडते.

ती गोष्ट गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीची. अकोटला अंजनगावच्या रस्त्यालगत एका घराच्या अंगणात जुनी चिंच होती. तिची एक जाड फांदी छपरावर आली होती. घरमालकाला चिंच मुळासकट नको होती. काकानं दोन खेपा घालून त्याला एका फांदीवर राजी केलं होतं. आदल्या कामात चढायच्या दोराला कडुनिंबाचा डिंक लागला होता, म्हणून तो धुऊन रात्रभर पंख्याखाली वाळवला. (उन्हात कधीच नाही. अकोल्याचं ऊन दोर खाऊन टाकतं.) त्यामुळे त्या दिवशी माझी तपासणी सकाळी झाली. चांगलं उजाडलं होतं. युसूफभाई चहा पीत पायरीवर बसले होते, काका सामान भरत होता.

दोर नवा होता, नारिंगी, जेमतेम काही महिने वापरलेला. निम्म्याच्या थोडं पुढं गेले आणि कापूस अडकला.

मी थांबले. चष्मा पुसून पाहिलं. काहीच नाही, वीण अगदी गुळगुळीत. कापूस पुन्हा फिरवला... पुन्हा तिथंच अडकला. बोटाखाली मला खाच लागत होती. कुसळासारखी बारीक नव्हे, चांगली आडवी खाच.

काकाला हाक मारली. त्यानं ती जागा वाकवून पाहिली, दाबून पाहिली, उजेडात धरली. मग माझ्याच हातातला बोळा घेऊन फिरवला. कापूस सरळ निघून गेला.

"आई, मले तं काईच नाई लागत. तुले काय दिसून राहिलं?"

मी म्हटलं, दिसत काहीच नाही, लागतंय. युसूफभाईंनी चहा ठेवला, हात पायजम्याला पुसले आणि डोळे मिटून दोर बोटांतून काढला. त्यांच्या बोटांवर माझा सगळ्यात जास्त भरवसा. तेही म्हणाले की दोर शाबूत आहे. वरून चिडवायला लागले, "बाई, आता बोटाले बी चष्मा करून घ्या. परतवाड्याले चांगला डाक्टर हाये."

दोघं हसले. मीही हसले, आणि हसत हसतच पुन्हा कापूस फिरवला. अडकला. बोळ्याचा एक तंतू दोराला धरून राहिला. तो मी काकाला दाखवला. त्यानं फुंकर मारली, तंतू उडून गेला.

मला स्वतःचीच लाज वाटत होती. उशीर होत होता, ऊन चढण्याआधी त्यांना झाडावर असायला हवं होतं. पण आमच्या घरात एक नियम आहे, काकानंच घातलेला, त्याच्या शिकवणाऱ्याकडून आलेला. दोराबद्दल कोणालाही शंका आली तर वाद घालायचा नाही. ज्याला शंका, त्याचा शब्द शेवटचा. तो दोर माणसाला वर नेणार नाही. मी म्हटलं, "हा आज तुला घेऊन वर जाणार नाही, प्रशांत."

त्याचं तोंड उतरलं, तरी नियम त्यानं पाळला. आदल्या रात्रीच मी तपासलेला जुना दोर चढायला घेतला आणि हा नवा फांद्या उतरवायला टाकला. निदान ती जागा ध्यानात राहावी म्हणून मी शिवणाच्या डब्यातून निळा दोरा काढला आणि बरोबर तिथं गाठ मारली. युसूफभाई म्हणाले, "चाल बे प्रशांत, बाईनं दोराले ताईत बांधला." गाडी गेली.

दुपारी ते परत आले तेव्हा मी ताटं घेत होते. काका दारात बूट न काढताच उभा राहिला. त्याच्या दोन्ही हातांत नारिंगी दोर होता. एका हातात एक तुकडा, दुसऱ्या हातात दुसरा.

काय झालं ते युसूफभाईंनी सांगितलं. फांदी बांधून झाली होती, खालची माणसं लांब केली होती. काकानं करवत चालवली. फांदी सुटली, पण सरळ खाली यायच्या ऐवजी फिरली आणि तिचा बुडखा काकाच्या हातावर आदळला. करवतीचं बटण सुटलं तरी साखळी क्षणभर फिरत राहते. तेवढ्यात करवत बाजूला सरकली. काकासमोर दोन दोर होते, चढायचा आणि उतरवायचा, मध्ये वीतभर अंतर. करवत उतरवायच्या दोरावर गेली. फांदी अंगणात पडली, छपराचा एक पत्रा वाकला, कोणाला खरचटलंही नाही. काका जुन्या दोरावर लटकत राहिला.

"बाई, गाठ पाहून घ्या," युसूफभाई म्हणाले. आता ते चिडवत नव्हते.

निळी गाठ आखूड तुकड्याच्या अगदी टोकाला होती. काप तिला लागूनच गेला होता... करवतीच्या दातांचा काप, साखळीच्या तेलानं काळा झालेला. मी ताटं खाली ठेवली. कापूस आणला आणि दोन्ही तुकड्यांवरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठंच अडकला नाही. अगदी त्या कापलेल्या काठापर्यंत कापूस सरळ गेला.

मी शिक्षिका आहे, कारणं शोधणं माझा स्वभाव. पहिलं मनात आलं ते हे, की दोरात आतून दोष असेल आणि तो बोटांना कळला असेल. पण दोर दोषानं तुटलेला नाही, चालत्या करवतीनं कापलेला आहे. निर्दोष दोराचंही तेच झालं असतं. मग वाटलं, निळी गाठ दिसली म्हणून नकळत काकाचा हात तिकडं गेला असेल. तर युसूफभाई म्हणतात की दोर त्यांच्या हातातून सरकत होता, त्या क्षणी त्याची कुठली जागा काकासमोर येईल हे त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी योगायोग हा शब्द उरतो. वर्गात एखाद्या मुलानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला अर्धे गुण दिले असते.

खोडाला वेढलेला कमरेचा पट्टा होताच, हे तुमच्या बाबानं सांगण्याआधी मीच सांगते. तो दोर त्याचा चढायचा असता, तर पट्ट्यानं कदाचित जीव वाचला असता. त्या 'कदाचित'नं अजून कधी कधी माझी दुपारची झोप उडते.

त्या दिवशी कोणी फारसं जेवलं नाही. युसूफभाई जाताना म्हणाले, "बाई, काही गोष्टी पुसू नाई. झालं तं झालं." काका मात्र संध्याकाळी नेहमीसारखा पडवीत बसला. हात सुजला होता, तरी करवत उघडली, भुसा काढला, कानस घेतली. मी त्याच्याकडे पाहत होते. भीती वाटत असताना माणूस साखळीच्या दातांवरचे सारखे हात चुकवत नाही, याला काय म्हणायचं? मला तरी मराठीत किंवा इंग्रजीत 'धैर्य' याहून चांगला शब्द सापडला नाही. धार लावून झाल्यावर त्यानं जुना दोर आणून माझ्यापुढच्या टोपलीत ठेवला.

"आई, सावकाश पाह्य," एवढंच म्हणाला.

त्यानंतर कापूस अडकला की तिथलं तुटलेलं सूत सगळ्यांच्या बोटांना लागतं. तसं पुन्हा काही झालं नाही. त्या सकाळी माझ्या बोटांना जे लागलं ते काय होतं, मला आजही माहीत नाही.

अकोटची चिंच उभी आहे. घरमालकानं यंदा पिशवीभर चिंचा पाठवल्या. निळ्या गाठीचा तुकडा माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. लांब तुकडा मागच्या अंगणात दोन खांबांना बांधलाय, आणि आत्ता त्यावर तुमच्या काकाचा कामाचा शर्ट वाळतो आहे.

तुमची आजी