अलार्मवरचं प्लास्टिक

गेल्या डिसेंबरात लोणावळ्याजवळ उभ्या असलेल्या कॅम्पर व्हॅनमध्ये चिंचवडचे एक गृहस्थ झोपेतच मरण पावले. गॅस हीटरमुळे आत कार्बन मोनॉक्साइड साचला होता. त्याला वास नसतो.

ती व्हॅन चाकणच्या एका शेडमध्ये तयार झाली. मालकांनी, म्हणजे याच गृहस्थांनी, ताबा घेतला, त्या दिवशी मी बातमीसाठी तिथे होतो. विषारी वायूचा अलार्म बसवणारा फिटर पन्नाशीचा होता. नव्या अलार्मवरचं प्लास्टिक अंगठ्याच्या नखाने सोलून तो खिशात ठेवत असे. याही अलार्मला त्याने नख लावलं.

"राहू द्या मिस्त्री, पूजेपर्यंत. नवं दिसतं," मालक म्हणाले.

"साहेब, मग वायू याच्या आत शिरंल कसा?"

मालकांनी बटण दाबलं. अलार्म वाजला. "वाजतोय की!"

"तुमी त्याचा गळा तपासला. नाक न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो. फिटरने हात मागे घेतला.

बातमीत मी व्हॅनमधल्या ओट्याबद्दल आणि पलंगाबद्दल लिहिलं. फिटरचं वाक्य गाळलं.

पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी बटण दाबलं. अलार्म वाजला. प्लास्टिक तसंच होतं.