धुक्यातून परत येणारा बॉल

सन २०२३. मला चौसष्टावं चालू होतं, आणि दुबईतल्या एका फुटबॉल क्लबचं सरावाचं ग्राउंड माझ्या ताब्यात होतं. कागदावर तिथे मॅनेजर होता. पण पाणी कधी सोडायचं, गवत किती ठेवायचं, कुठे पाय टाकायचा नाही, हे मी सांगायचो आणि मॅनेजरसुद्धा ऐकायचा. शिक्षण माझं चौथी. मालवणच्या बाजूचा माणूस, भाताच्या मळ्यात वाढलेला. गवत मला कुणी शिकवायला येऊ नये.

राहायला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, कंपनीच्या खोलीत. तिथून सायकलने ग्राउंड जवळ. पहाटेची बांग झाली की मी निघायचो आणि खेळाडू यायच्या आधी माझी निम्मी कामं उरकायचो. मी कधी बॉलला पाय लावला नाही. कोणाचा बॉल घरंगळत माझ्याकडे आला तर हाताने उचलून द्यायचो. ग्राउंड माझं, खेळ तुमचा, असा माझा हिशोब. पोरं हसायची. हसोत.

त्या वर्षी आमच्याकडे एक स्पेनवाला होता. मधल्या फळीत खेळायचा. त्याच्या देशात मोठा खेळाडू, सतराव्या वर्षापासून मोठ्या क्लबात. नाव गोल मारणाऱ्यांचं झालं, पण त्यांच्या पायात बॉल आणून देणारा हा. पस्तिशीला आला आणि मग सगळे येतात तसा इकडे आला. उजवा गुडघा दोनदा कापलेला. क्लब म्हणत होता, अजून एक वर्ष खेळ. डॉक्टर म्हणत होता, बघ बाबा. ठरवायचं त्याचं त्यानेच होतं, आणि त्याचं काही ठरत नव्हतं. मला तो आबुएलो म्हणायचा, म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. मला बघितलं की मुद्दाम बॉल माझ्या दिशेने ढकलायचा आणि पायाने मार म्हणून खुणवायचा. मी हाताने उचलून द्यायचो. मग तो कपाळावर हात मारून घ्यायचा.

इथे थंडीत धुकं पडतं, हे आपल्याकडच्या माणसाला खरं वाटत नाही. वाळवंटात कसलं धुकं? पण पडतं, आणि असं पडतं की सायकलचं पुढचं चाक दिसत नाही. मोबाईलवर सरकारचा इशारा येतो. हायवेवरचे ट्रक दूर कुठेतरी हुंकार देतात आणि ग्राउंडवर फवाऱ्याच्या पाण्याचा तो कुबट वास जमिनीलगत बसून राहतो. अशा एका सकाळी मला बॉलचा आवाज आला. धप्. मग शांत. मग पुन्हा धप्.

जवळ गेलो तर मधल्या वर्तुळात स्पेनवाला एकटा. बॉल मारत होता समोरच्या पांढऱ्यात. बॉल दिसेनासा व्हायचा. तो कमरेवर हात ठेवून थांबायचा. आणि बॉल परत यायचा. सरळ त्याच्या डाव्या पायात, ना जोरात ना हळू.

मला वाटलं, समोर ती जाळी लावली असेल, बॉल उलटा फेकणारी. पण ती स्टोअरमध्ये होती आणि स्टोअरची किल्ली माझ्या कमरेला. मग म्हटलं, क्लबच्या अकादमीत शिकणारा कोणी पोरगा असेल. धुकं पातळ झालं, स्पेनवाला आत गेला, आणि मी पलीकडे जाऊन बघितलं.

दव पडलेल्या गवतावर काही लपत नाही. रात्री मांजर फिरलं तरी सकाळी मला कळतं. बॉल गेल्याची रेघ स्पष्ट होती. गोलसमोरच्या पेनल्टीच्या कमानीपाशी ती थांबत होती, आणि तिथूनच दुसरी रेघ निघून परत येत होती. तशा किती तरी रेघा होत्या. सगळ्या तिथे जाऊन तिथूनच वळलेल्या. आणि त्या जागी पावलाचा ठसा नव्हता. एकही नाही. दव अख्खं, मण्यासारखं. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, हे मी खोटं कशाला सांगू.

आमच्या गावात जमिनीला राखणदार असतो. नांगर धरायच्या आधी त्याला नारळ आणि भात द्यायचा, त्याला राखण म्हणतात. बांधावर ठेवायची, पाठ फिरवायची आणि घरी यायचं. मागे वळून बघायचं नाही, नाव विचारायचं नाही. हे ग्राउंड नवीन केलं तेव्हा मी कोणाला न सांगता कोपऱ्यातल्या झेंड्याखाली एक नारळ पुरला होता. इतक्या मोठ्या जमिनीला कोणी विचारायला नको?

क्लबचे कपडे-बूट सांभाळणारा एक वसईचा होता, अल बर्शाला राहायचा. आधी स्पेनमध्ये हॉटेलात काम केलेलं, म्हणून भाषा येत होती. त्याला मी सगळं सांगितलं.

"काका," तो म्हणाला, "तुमचा राखणदार इथे कुठल्या व्हिसावर आला? व्हिजिट?"

"मेल्या, मस्करी नको. त्या स्पेनवाल्याला विचार, समोर कोण असतं."

स्पेनवाल्याला विचारलं तेव्हा तो बूट घालत होता. बिलकूल दचकला नाही. मी कधी विचारतो याची वाट बघत असल्यासारखा बोलत सुटला, आणि वसईवाल्याचं तोंड हळूहळू उतरत गेलं.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, त्याचं गाव डोंगरातलं. पोरगा होता तेव्हा धुक्यात एकटा खेळायचा. एकदा बॉल परत आला. तेव्हापासून येतो. ज्या ज्या शहरात खेळला तिथे, धुकं पडलं की. इकडे येताना वाटलं होतं, आता संपलं, वाळवंटात कुठलं धुकं. तर इथेही."

"बघायला गेला नाही कधी?"

"नाही. म्हणतो, तो माझ्यापेक्षा चांगला पास देतो. पण बिचाऱ्याला कोणी कॉन्ट्रॅक्ट दिलं नाही." वसईवाला हसायला गेला, पण हसू आलं नाही. "आणि म्हणतो, बॉल परत येतोय तोपर्यंत मी खेळणार. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी खलास."

मी म्हटलं, "त्याला सांग, तो तुझा नाही. तो या जागेचा आहे. मी त्याला नारळ दिलाय."

वसईवाल्याने सांगितलं. स्पेनवाल्याने मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. माझा. मी जमिनीकडे बोट केलं. हिचा. त्याने पुन्हा छातीवर. मी पुन्हा जमिनीकडे. दोन खुळे भांडतायत असं वाटलं असेल बघणाऱ्याला. शेवटी वसईवाला म्हणाला, "यल्ला काका, चला, नाही तर तुम्ही दोघे त्याचे दोन तुकडे कराल."

त्यानंतर मॅनेजरने हुकूम काढला. ग्राउंडचा मध्य झिजलाय, सगळ्या रेघा पार्किंगच्या बाजूला दहा पावलं सरकवा. बाकीचे क्लब तसं करतात, गवताला आराम मिळतो. मी कधी केलं नव्हतं. झिजलेल्या जागी नवी मुळं लावून मी गवत भरून काढायचो. मी मॅनेजरला म्हटलं, "साहब, हमारे गाँव में बांध नहीं हिलाते." तो म्हणाला, "बाबा, ये तुम्हारा गाँव नहीं है." दोरी ताणली, जुने पट्टे हिरव्या रंगाने पुसले, नवे मारले. काम चोख केलं. हुकूम मी पाळतो, पण बोलून पाळतो.

पुढचं धुकं पडलं ते त्या हिवाळ्यातलं सगळ्यात दाट. मी पोचलो तेव्हा स्पेनवाला नव्या मध्यावर उभा होता. शेजारी बॉलची जाळीची पिशवी. त्याने पहिला बॉल मारला. थांबला. मी माझ्या जागी थांबलो.

काही आलं नाही.

त्याने दुसरा मारला. मग तिसरा. बॉल पांढऱ्यात शिरत होते आणि पलीकडे पडल्याचा आवाजही येत नव्हता, जसे विहिरीत टाकावेत आणि विहिरीला तळ नसावा. पिशवी रिकामी झाली. तो गुडघ्यावर हात टेकून वाकला. मी त्याला मॅच हरताना पाहिलं होतं, लंगडताना पाहिलं होतं, पण असा नाही. त्याचं आयुष्य तिथे संपत होतं आणि बघायला एकटा मी.

मला राहवलं नाही. गेलो आणि त्याचं मनगट धरलं. ओढतच दहा पावलं पलीकडे नेलं. पुसला तरी जुन्या मध्यावरच्या ठिपक्याचा फिकट गोल माझ्या डोळ्यांना दिसत होता. तिथे त्याला उभं केलं आणि म्हटलं, "इथे." मराठीतच म्हटलं. त्याला कळलं.

मारायला बॉल उरला नव्हता. आम्ही दोघे नुसते उभे राहिलो. ट्रकचे आवाज बंद झाले होते. आणि मग गवतावरून सळसळ आली.

एक बॉल आला. त्याच्या पायाशी थांबला. त्याच्या मागून दुसरा. मग तिसरा. घाई नव्हती. एक थांबला की दुसरा येई, जशी कोणी उसनी आणलेली भांडी एकेक करून शेजाऱ्याच्या ओट्यावर परत ठेवावीत. सगळे आले. त्याच्या पायाशी अर्धगोल झाला. मी त्याचं मनगट अजून धरलं होतं, आणि त्याची नाडी माझ्या बोटांखाली उडत होती.

मग काही आलं नाही. समोर नुसतं पांढरं.

त्याने परत एकही मारला नाही. खाली बसला, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पायमोज्यांनी दवात उभा राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, "खलास, आबुएलो." तोंड रडल्यासारखं नव्हतं. लांबचा पाहुणा स्टेशनात पोचवून आल्यावर माणसाचं होतं तसं होतं.

दुपारपर्यंत क्लबात बातमी झाली होती. स्पेनवाला आता खेळणार नाही, घरी जाणार. मॅनेजर डोक्याला हात लावून बसला. वसईवाला माझ्यापाशी आला.

"काका, तुम्ही त्याला काय केलंत?"

"मी काय करणार? उभं केलं."

"जाताना तुमच्यासाठी निरोप ठेवलाय. म्हणाला, आबुएलोला सांग, तो माझा होता. मी जातो, आता तोही जाईल."

माझं डोकं फिरलं. सगळे बॉल जुन्या मध्यावर आले, नव्यावर एकही नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तरी माझाच म्हणतो! पण रात्री खोलीत पडल्या पडल्या वाटलं, त्याचंच खरं असेल तर? तर उद्यापासून ते ग्राउंड रिकामं. नारळ मी कुणाला दिला मग?

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं होतंच. मी फवारे उघडले नाहीत. स्टोअरमधून एक बॉल काढला, जुन्या मध्यावर ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पायाने मारला. गमबूट घातलेला, वाकडा गेला. मग आमच्या गावच्या रीतीप्रमाणे पाठ फिरवली आणि थांबलो. हात मागे बांधले. पार्किंगमधला दिवा धुक्यात पिवळा झाला होता, त्याच्याकडे बघत राहिलो.

बॉल हळूच येऊन माझ्या टाचेला लागला. म्हाताऱ्या माणसाला द्यावा तसा, अगदी हळू.

मी वळलो नाही. वाकून मागच्या मागे हाताने उचलला, सदऱ्याला पुसला, स्टोअरमध्ये नेऊन ठेवला आणि फवारे उघडले.