आधी डोळे

रोह्याच्या वाचनालयात स्थानिक कलाकारांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथल्या बाईंनी मला अर्ज दिला. पहिलाच रकाना होता, कलाकृतीचे नाव. मी त्या शब्दाला मनातल्या मनात नमस्कार केला. तीस वर्षं हमरापूरच्या कारखान्यात मी गणपतींचे डोळे आखले, पण तिथे हा शब्द कधी ऐकला नाही. आमच्या शेजारचे गाणारे काका चीज म्हणतात, कविता करणारे रचना म्हणतात. आम्ही मोजताना नग म्हणायचो आणि गिऱ्हाईक आलं की बाप्पा. कलाकृती पाहुण्यांच्या भाषणात यायची आणि शाल-नारळाबरोबर निघून जायची.

बरं, माझी कलाकृती कोणती? साच्यातून काढणारा वेगळा, घासणारी वेगळी, रंग मारणारा वेगळा. मी शेवटच्या अंकातल्या नटासारखा ऐटीत यायचो आणि डोळे आखून जायचो. पुढे सगळं पाण्यात. बायको गेल्यापासून घरात मला नावाने हाक मारणारंही कोणी नाही. एकदा तरी एखाद्या वस्तूखाली आपलं नाव लागावं, असं फार वाटलं.

म्हणून हमरापूरहून एक कच्ची मूर्ती मांडीवर घेऊन एसटीने रोह्याला घरी आलो. कंडक्टरने विचारलं, यांचं तिकीट? म्हटलं, डोळे उघडले की स्वतः काढतील.

आधी घासायचं, मग रंग, मग डोळे, असं ठरवलं होतं. पण मूर्ती समोर ठेवली आणि हाताने सवयीने बारीक ब्रश उचलला. माझ्यापुढे मूर्ती यायची तीच सगळं होऊन. दोन्ही डोळे छान उतरले. मान वर केली तर अंग पांढरंफटक, सोंडेवर साच्याची शिवण तशीच.

आता डोळे उघडलेल्या मूर्तीला आमच्यात पॉलिशपेपर लावत नाहीत. आपल्याकडे बघणाऱ्याचं अंग कोण खरवडणार? कारखान्यात मूर्ती घासणाऱ्या काकी हल्ली डोलवीला लेकाकडे असतात. त्यांना फोन केला. त्या पोटभर हसल्या.

“बाजूला कोणी नव्हता व्हय रे, हात धरायला?”

“नाय गो काकी.”

मग त्या म्हणाल्या, “तसाच ने. पण घासायचं काम मी केलंय असं कोणाला सांगू नको. माझी अब्रू हाय.”

तसाच नेला. बाईंनी अपूर्ण आहे का विचारलं. मी म्हटलं, माणसं कमी पडली. त्यांनी तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला आणि खाली कार्ड लावलं. कार्डावर माझं एकट्याचं नाव. हवं होतं तेच. मी ते लांबून वाचलं, जवळून वाचलं. हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मग बाईंनाच हाक मारली आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं ते कार्ड त्यांनाच दाखवलं.